वाघरीच्या तोंडाशी

अंकिताचं पत्र दिवाळीनंतर आलं होतं आणि फाल्गुन निम्मा सरला तरी हरिबा शिंगाडे यांनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं.

पत्र काही फार मोठं नव्हतं. वहीचं एक पान, पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि खाली नाव टाकून त्याच्याभोवती चौकट काढलेली. हरिबांना ते आता पाठच झालं होतं.

‘आबा, फोनवर आजीला विचारलं की आजी म्हणते बिबट्या गेला. पप्पा म्हणतात सारखं तेच विचारू नको. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून तुम्हाला लिहून विचारते. बिबट्या गेला का? तुम्ही गेला म्हणालात तर मी मे महिन्यात येईन. माझा टॅब तिकडेच राहिला. त्यात माझं गाव आहे. गावात तीन मेंढ्या आहेत, त्यांना बघायला कोणी नाही. त्या बघा.’

उत्तर एका ओळीचं होतं आणि तीच ओळ हरिबांच्या हातून उतरत नव्हती. गेला म्हणून लिहावं, तर तो गेला नव्हता. नाही गेला म्हणून लिहावं, तर नात येणार नव्हती.

आश्विनातली गोष्ट. कवठे येमाईच्या शिवारात, गावापासून जरा लांब, उसाला लागूनच शिंगाड्यांचं घर. दिवस कलला होता. अंकिता काळ्या कुत्र्याला पाण्याच्या टाकीवर घेऊन गेली होती. साखळी तिच्या हातात होती. साखळीला हिसका बसला, एवढंच तिला कळलं. ऊस एकदा सळसळला आणि थांबला. घरातून माणसं धावली तेव्हा पोरगी तिथंच उभी होती, तुटकी साखळी मुठीत धरून. मूठ सोडवायला तिच्या आईला बराच वेळ लागला. त्यानंतर आठवड्याभरात हरिबांचा मुलगा दत्ता बायकोपोरीला घेऊन दौंडला राहायला गेला. कुरकुंभच्या एका कंपनीत त्याची नोकरी होतीच, आता खोलीही तिकडंच केली.

पुढं वनखात्यानं पिंजरा लावला. त्यात एक बिबट्या सापडलाही. गावानं फोटो काढले, मोबाइलवर फिरवले, पेढे वाटले. पण पेढ्यांचा खोका रिकामा होतो न होतो तोच ओढ्यापलीकडं एक कालवड गेली. म्हणजे दुसरा होता. कदाचित तिसराही असेल. तेव्हापासून बाया खुरपायला जाताना नरडं वाचावं म्हणून गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालू लागल्या. हरिबांच्या कारभारणीनं, अनसाबाईनंही, तो घेतला होता. पट्टा घालून ती आरशात बघायची आणि म्हणायची, “बघा, सासरी आले तवा ह्यापेक्षा हलकं घातलं होतं.”

हरिबा मात्र बाहेर पडायचेच बंद झाले होते. भीती त्यांना नवी नव्हती. त्यांचा बाप मेंढरं राखायचा. पावसाळा सरला की घोडनदीपासून भीमेच्या काठाकाठानं दौंडाकडं कळप चालायचा, आणि लहानगा हरिबा घोड्यावरच्या बिऱ्हाडाबरोबर. रात्री लांडग्यांचा आवाज आला की पोरगा घोंगडीत तोंड खुपसून थरथरायचा. शेवटी बाप म्हणाला, “ह्याला रानात ठिवून उपेग न्हाई. साळंत घाला.” अशा रीतीनं शिंगाड्यांच्या घरातला पहिला माणूस खुर्चीवर बसला. विकास सोसायटीत कारकुनी केली, वाचनालयातली पुस्तकं एकामागून एक वाचली आणि निवृत्त झाला. आपण शिकलो ते हुशारीमुळं नाही, भित्रेपणामुळं, हे हरिबांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण विसरलेही नाहीत.

आता दिवस मावळायच्या आत ते कडी लावत, कडीवर कुलूप लावत आणि खिडकीचा पडदा दोन्ही बाजूंनी नीट ओढून घेत. दौंडचा फोन आला की हात हलवून खुणावत, मी नाही. फोनवर अंकितानं तोच प्रश्न विचारला तर काय सांगायचं? मग अनसाबाई म्हणायची, “आबा व्हय? आबा बाहीर गेल्यात गं.”

फोन ठेवल्यावर ती नवऱ्याकडं बघायची. “बाहीर म्हंजी ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात.”

उत्तर लिहिता येत नव्हतं, तेव्हा निदान मेंढ्या तरी बघाव्यात म्हणून हरिबांनी एका संध्याकाळी टॅब चार्जिंगला लावला.

अंकिताचं गाव म्हणजे टॅबमधला एक खेळ होता, आणि त्यांनी आयुष्यात असला खेळ कधी खेळला नव्हता. पडद्यावर एक करड्या रंगाची टेकडी आली. बाभळीसारखी काटेरी झुडपं, एक डबकं, एक लाकडी खोपटं, आणि चौकोनी तोंडाच्या तीन मेंढ्या. खाली कोपऱ्यात एक हात दिसत होता. तो आपलाच आहे हे कळायला थोडा वेळ गेला. त्यांनी बोट लावलं तसा पडद्यातला माणूस तडक चालत डबक्यात शिरला. बाहेर कसा काढायचा ते उमगेपर्यंत सूर्य खाली गेला. त्या खेळातला दिवस फार लहान होता; पेल्यातला चहा निवायच्या आत मावळायचा. काळोख झाला, आणि टेकडीमागून लांडगे ओरडले.

हरिबांनी टॅब उपडा केला आणि उशीखाली घातला.

“काय झालं?” अनसाबाईनं विचारलं.

“अंधार पडला.”

“मग? रोजच पडतो की.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पुन्हा काढला. झाडाला बोट लावून धरलं की लाकूड मिळतं, लाकडाची शेकोटी होते, शेकोटी विझली की थंडीनं माणूस गारठतो, कंदमुळं खाल्ली नाहीत तर गळून पडतो, हे त्यांचं त्यांना हळूहळू कळत गेलं. कुणी सांगायला नव्हतं आणि कुणी हसायलाही नव्हतं. सोसायटीत त्यांनी लिहिलेलं प्रत्येक अक्षर कुणीतरी तपासायचं. इथं कितीही चुकलं तरी पुन्हा सकाळ व्हायची. गवतावर दव चकाकायचं. मेंढ्या चरायच्या आणि हरिबा नुसते त्यांच्यामागं उभे राहायचे. खेळ त्यांना काही करा म्हणून घाई करत नव्हता. डबक्याकाठी त्यांनी कसलंसं बी पेरलं आणि त्याचे दोन हिरवे ठिपके वर आले, तेव्हा अनसाबाईला बोलावून दाखवलं.

ती चष्म्याशिवाय बघत म्हणाली, “खऱ्या वावरात कवा एवढं वाकला न्हाईत.”

पण संध्याकाळ झाली की ते दाराचं कुलूप पुन्हा ओढून बघायचे. टॅबमधली एखादी संध्याकाळ आणि खिडकीबाहेरची एकदमच यायची. बाहेर ऊस सळसळला की तो टॅबमधूनच आला असं वाटून हरिबा आवाज बंद करायचे, आणि आवाज बंद केल्यावरही सळसळ चालूच राहायची. तरी त्यांना खेळ सोडवत नव्हता. ही भीती निदान चष्मा लावून, जवळ धरून बघता येत होती.

खेळाची रीत अशी होती की अंधार पडला की माणसानं खोपटात शिरावं, दार लावून घ्यावं आणि झोपावं. हरिबांनी पहिल्यांदा तसंच केलं. सकाळी दार उघडलं तर दोनच मेंढ्या. तिसरीच्या जागी मातीवर लोकरीचा एक पांढरा झुबका पडलेला होता. अंकिताची मेंढी. हरिबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यांनी फांद्या तोडल्या आणि मेंढ्यांभोवती गोल कुंपण घातलं. लहानपणी बाप कळपाभोवती जाळीची वाघर लावायचा, तशीच ती वाघर. कुंपणाला फाटक करता येतं हे हरिबांना ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असतं तरी त्यांनी ते केलं असतं की नाही कोण जाणे. बापाच्या वाघरीला फाटक नसायचं. एका बाजूला माणूसभर तोंड सोडायचं आणि त्या तोंडात माणसानं आडवं झोपायचं, काठी उशाशी घेऊन. झोपलेल्या माणसाला ओलांडून मेंढरू बाहेर जात नाही, आणि आत येणाऱ्याला आधी माणसाशी गाठ पडते. हरिबांनी गवताचं अंथरूण केलं आणि ते वाघरीच्या तोंडाशी आडवं टाकलं.

लांडगे आले. पडदा लाल झाला, मग काळा. हरिबांच्या हातातून टॅब निसटून मांडीवर पडला. उजाडलं तेव्हा पडद्यातला माणूस पुन्हा खोपटात उभा होता, रिकाम्या हातानं. कुऱ्हाड गेली होती, साठवलेले कंद गेले होते, सगळं पहिल्यापासून. ते तसेच पळत वाघरीपाशी गेले. दोन्ही मेंढ्या जागेवर होत्या, रवंथ करत.

मग रोज तेच सुरू झालं. दिवसभर कमवायचं, संध्याकाळी तोंडाशी आडवं व्हायचं, मरायचं, आणि सकाळी मेंढ्या आहेत ना ते बघायला धावायचं. खेळ जाणणारा कुणी बघता तर पोट धरून हसला असता.

एका संध्याकाळी त्यांनी टॅब उघडला. अंथरुणाशेजारी एक पाटी उभी होती. त्यांनी ती रोवली नव्हती. पाटीवर अक्षरं होती.

‘आबा हे तुम्ही आहात का’

हरिबांनी आधी मागं वळून खोलीत बघितलं. मग दाराच्या कुलपाकडं. बऱ्याच वेळानं त्यांना आठवलं, परवाच दत्ता आईला फोनवर सांगत होता की अंकितानं तो खेळ आईच्या मोबाइलवरही घेतलाय. खातं एकच असलं की गाव दोन्हीकडून उघडतं. ती दौंडहून येऊन गेली होती. त्यांचं रोजचं मरणं तिनं बघितलं होतं.

पाटीवर लिहायचं कसं ते शोधण्यात त्यांची उरलेली संध्याकाळ गेली. शेवटी एवढंच उमटलं, ‘हो.’

दुसऱ्या दिवशी पाट्या वाढल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, ‘बाहेर झोपू नका. फाटक करता येतं. लाकूड आणि दोर लागतो.’ दुसरीवर, ‘तुम्ही रोज मरता. मेंढ्या राहतात. तुम्हाला भीती नाही वाटत का.’ तिसरी जरा लांब, डबक्याकाठी, पेरलेल्या बियांच्या पलीकडं होती. जणू लावावी की न लावावी असं म्हणत लावलेली.

‘पत्राला उत्तर आलं नाही. आजी रोज सांगते आबा बाहेर गेलेत. मला वाटलं तुम्हाला पण नेलं आणि सगळे मला सांगत नाहीत.’

हरिबांनी ती पाटी पुन्हा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. पडद्यात सूर्य खाली जात होता आणि मेंढ्या वाघरीकडं वळल्या होत्या. दिवाळीपासून पोरगी हे पोटात घेऊन झोपत होती. बिबट्याचं खोटं सांगितलं तसं आबांचंही खोटंच सांगत असतील, असा तिनं हिशेब मांडला होता. आणि तिच्याजागी कुणीही तोच मांडला असता.

“अनसा,” ते म्हणाले, “दौंडला फोन लाव.”

“आत्ता? आन् बोलणार कोण?”

“मी.”

अनसाबाईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि फोन लावून दिला. पलीकडं अंकिताला बोलावलं. तिचा श्वास ऐकू आला.

“अंकिता, मी आबा.”

तिनं विचारलं, “काय जेवलात?”

“पिठलं.”

“बिनदातांचं कसं खाता?”

“दात हायेत गं. पुढचेच दोन गेल्यात.”

ही खूण पटली असावी. तिचा श्वास जरा सैल झाला. “अंकिता, तू पत्रात जे इचारलंस…”

“फोनवर नको,” ती पटकन म्हणाली. “फोनवर आजी शेजारी असते. लिहून पाठवा.”

आणि तिनं फोन आईकडं दिला.

अनसाबाईनं सगळं ऐकलं होतं. ती चुलीपुढं जाऊन बसली, पण भाकरी थापायला घेतली नाही. “लिवा की मग,” ती म्हणाली. “गेला म्हणून लिवा. पिंजऱ्यात सापडला ते काय खोटं हाय?”

“एक सापडला.”

“तिनं एकच बघितला होता.”

हे हरिबांना कधी सुचलं नव्हतं. वाक्य अगदी खरं ठरलं असतं. पोरीचा बिबट्या गेला होता. ते क्षणभर त्या वाक्याला टेकून उभे राहिल्यासारखे झाले.

“आन् ती हितं आल्यावर दुसरा दिसला तर?” त्यांनी विचारलं.

“आपुन दोघं हावो की. घरातनं सोडायची न्हाई.”

“मग तिला कुणाचं खरं वाटंल? त्यानंतर कवा तरी?”

अनसाबाईनं परातीतलं पीठ उगाच चाळवलं. “न्हाई गेला म्हणून लिवलं तर ती येणार न्हाई,” ती हळूच म्हणाली. “मला काय बिबट्याचं सांगता. मला घर खायला उठतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिबा पत्र लिहायला बसले. अक्षर नेहमीचं, सोसायटीतलं, पण त्यात बऱ्याच ठिकाणी खाडाखोड झाली.

‘चि. अंकिता, बिबट्या गेलेला नाही. एक पिंजऱ्यात सापडला, दुसरा आहे. आणखी असेल तर मला माहीत नाही. मी उत्तर लिहिलं नाही कारण हे लिहिलं तर तू येणार नाहीस अशी मला भीती होती. तू विचारलंस मला भीती वाटते का. वाटते. तुझ्यापेक्षा जास्त वाटते. दिवस मावळायच्या आधी मी कुलूप लावतो. आजी बाहेर गेलेत म्हणायची तेव्हा मी घरातच असायचो. तुझी एक मेंढी माझ्या चुकीनं गेली, दोन आहेत. सुट्टीत यायचं की नाही ते तू ठरव. तू नाही आलीस तर कुणी तुला बोलणार नाही, मी दिवसाच्या एस.टी.नं दौंडला येईन. तू आलीस तर संध्याकाळी कुणीच बाहेर पडायचं नाही, आजीसुद्धा, आणि मी दाराशी अंथरूण घालीन. तुझे आबा.’

पाकीट बंद केलं. अनसाबाईनं हात पुढं केला. “द्या, मी जाते गावात. पट्टा हाय माझ्याकडं.”

“न्हाई,” हरिबा म्हणाले. “ह्ये मला टाकू दे.”

गावात जाणारी वाट दोन्ही बाजूंच्या उसातून होती. तोड अजून आली नव्हती. ऊस माणसाच्या दुप्पट उभा होता. दुपारच्या त्या वेळी वाटेवर चिटपाखरू नव्हतं. लोक मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून ही वाट चालत, पण हरिबांना मोबाइलमधलं गाणं लावता येत नव्हतं. त्यांनी खोकायला सुरुवात केली. मग खोकलाही संपला. नुसत्या वहाणांचा आवाज राहिला, आणि तोसुद्धा त्यांना आपल्या मागून येतोय असं वाटू लागलं. वाळलेली पानं जरा जरी हलली की ते थांबत. थांबलं की आजूबाजूचं सगळंच थांबल्यासारखं वाटे, आणि ते त्याहून वाईट.

पाटाचं पाणी वाट ओलांडत होतं तिथं चिखल होता. चिखलात ठसे होते. गोल, नखांशिवाय, त्यांच्या मुठीएवढे. काठावरची माती अजून ओली होती आणि एका ठशात पाणी हळूहळू भरत होतं.

मागं घर जेवढं लांब, पुढं गाव तेवढंच. त्यांनी ओरडावं म्हणून तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. ऊस जसा होता तसाच उभा राहिला. किती वेळ ते तिथं उभे होते कोण जाणे. सदऱ्याच्या आतल्या खिशात पाकीट घामानं अंगाला चिकटलं होतं. मग त्यांनी ठशांना वळसा घातला, पाय चिखलात घोट्यापर्यंत घालून, आणि चालू लागले. पळाले नाहीत. पळणाऱ्याच्या मागं लागतं, हे बापानं सांगितलेलं त्यांना ठाऊक होतं. पण खरं तर त्यांच्यात पळायची ताकदच नव्हती.

टपाल कचेरीत बुशरा एकटीच होती. गावातलीच पोर, टपालाचं सगळं काम तीच बघायची. ती पिशवीला गाठ मारत होती.

“आबा,” ती उठलीच, “एवढ्या उन्हात? किती दिसानं आला. आन् पाय बघा की.”

“डिंक हाय का?”

“पाकीट तर चिकटवलंय तुम्ही.”

“उघडायचंय.”

तिनं काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या, डिंकाची बाटली आणि पेन पुढं सरकवलं. हरिबा आधी पाणी प्यायले. निम्मं अंगावर सांडलं. मग पाकिटाची कड जपून सोडवली आणि पत्र बाहेर काढलं. ते न सांगता राहू शकत होते. पोरगी कधी विचारणार नव्हती की पत्र टाकायला जाताना वाटेत काय दिसलं. शिवाय आधीच पत्रात घाबरवण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी पेनचं टोपण काढलं. पत्रावरून नजर वर गेली तर दारातून उसाची हिरवी भिंत दिसत होती.

मग त्यांनी सहीखाली लिहिलं, ‘हे पत्र टाकायला येताना वाटेत पाटाजवळ ताजे ठसे बघितले. मी एकटा होतो. फार भ्यालो. पत्र टाकून त्याच वाटेनं घरी जाणार आहे.’

“पिशवी आत्ता जाणार हाय,” बुशरा म्हणाली. “गाडीवाला आला. माझ्याकडं द्या की, पेटीत कशाला टाकताय?”

“माझ्या हातानं टाकू दे. पेटीतनं काढून मग पिशवीत घाल.”

“परत जाताना सोबत कुणी हाय का?”

“न्हाई.”

“मग जरा बसा. पिशवी दिली की मी कुलूप लावते. पाटापत्तूर येते तुमच्यासंगं.”

“आन् तू एकटी माघारी कशी येशील? न्हाई. कुणी तिकडं जाणारं असंल तर बघ, न्हाईतर मी जातो.”

डिंक अजून ओला होता. हरिबांनी पाकीट दोन्ही तळव्यांत दाबून धरलं, वाळेपर्यंत. मग ओट्यावर गेले, लाल पेटीची झडप बोटानं वर केली आणि पत्र आत सोडलं.